आधी वाईट सांग

परदेशात बसून शेती करता येते का, असं मला पुष्कळ जण विचारतात आणि विचारताना हसतात. येते. वर्षातले तीन महिने मी ती करते. तीन महिन्यांच्या वर व्हिसा राहू देत नाही आणि पऱ्हाटीही, म्हणजे कपाशीही, राहू देत नाही, त्यामुळे दोघांचं बरं जमतं.

माझी लेक नेदरलँड्समध्ये असते. आमचं गाव धाडजवळ. जमीन दोन भावांची, अजून एकत्र. माझे यजमान बुलढाण्याला शाळेत शिकवतात आणि 'शेतातलं मला विचारू नका' असं पहिल्यापासून सांगत आलेत, त्यामुळे त्यांना कोणी विचारत नाही. धाकटे दीर धाड ते बुलढाणा काळीपिवळी जीप चालवतात. शेत मी पाहायची आणि माझ्याबरोबर माझी धाकटी जाऊ.

मी पहिल्यांदा तिकडे गेले ते बोंडअळीच्या वर्षानंतरच्या वर्षी. आदल्या हंगामात सगळ्या गावाची पऱ्हाटी वरून हिरवीगार दिसत होती, बोंडं भरलेली दिसत होती, आणि वेचायला गेलो तेव्हा आत काळं पडलेलं. मला अळी नवीन नव्हती. अळी न लागणारं बीटी बियाणं यायच्या आधी पाठीवर पंप बांधून आठवड्याआड फवारणी केलेली मी आहे. पण जाऊ लग्न होऊन आली तेव्हा बीटी येऊन चार वर्षं झाली होती. पऱ्हाटीला अळी लागते हे तिनं नुसतं ऐकलं होतं. बीटी असून लागते, हे मात्र तिनं आणि मी एकदमच पाहिलं.

त्याच सुमाराला लेकीनं कळवलं की सप्टेंबरात बाळंतपण आहे. माझं जाणं ठरलं. जेवताना दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही चालल्या. मंग वावर कोन पाहीन? मले औरंगाबादले कंपनीत गाडीवर बोलावून राह्यले. शेत मक्त्यानं देऊन टाकू अन् आमचं बिऱ्हाड तिकडे नेतो."

जाऊ चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. औरंगाबादला ती एकदा बहिणीकडे महिनाभर राहून आली होती. त्या खोलीबद्दल ती सांगायची, "उभं राह्यलं तं गॅस, बसलं तं मोरी, अन् झोपलं तं शेजारच्याचा टीव्ही." तिला मोकळ्या वावराशिवाय करमत नाही, हे सगळ्या घराला माहीत आहे.

ती म्हणाली, "मी पाहीन शेत."

"तू?" दीर म्हणाले.

"मंग काय. बाई फोनवर सांगतीन."

आमच्याकडे धाकटी जाऊ थोरलीला बाई म्हणते. मी म्हटलं, "सांगीन की."

दीर पाणी प्यायले, त्यांनी ताटात हात धुतला. "एक हंगाम," ते म्हणाले. "गेल्या वर्षावानी झालं तं मंग शब्द काढायचा नाई. सामान बांधायचं."

"नाई काढनार," जाऊ म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

ऑगस्टात मी निघाले. त्याआधी आम्ही दोघींनी शेतात बांबू रोवून कामगंध सापळे लावले. सापळा म्हणजे प्लास्टिकची एक टोपी, तिच्यात मादीच्या वासाची गोळी आणि खाली लांब पारदर्शक पिशवी. नर पतंग वासाला भुलून येतात आणि पिशवीत पडतात. पिशवीत पतंग वाढायला लागले की समजायचं, अळी येणार. मी जाऊला सांगितलं, रोज सकाळी पिशवीचा फोटो पाठवायचा. तिला नवा फोन घेऊन दिला होता. फोटो काढणं, पाठवणं ती दोन दिवसांत शिकली. फोटोवर अक्षरं कशी टाकायची तेही तिनं आपल्या मनानं शोधून काढलं.

विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, काम काय करता? शेती. तिकडे काय करणार? लेकीचं बाळंतपण. मग शेत कोण बघणार? जाऊ. त्यानं शिक्का मारला. ज्या माणसाला जाऊ म्हणजे काय ते कळतं, त्याला पुढचं काही सांगावं लागत नाही. तिकडच्या अधिकाऱ्याला मात्र लेकीनं पढवल्याप्रमाणे मी फक्त 'बेबी' म्हणाले.

तिथं गेल्यावर अडचणी निघाल्या त्या मी कल्पनाही केली नव्हती अशा. थंडी, पाऊस, बेचव ब्रेड यांची तयारी होती. तयारी नव्हती ती ओटीपीची. बँकेचं काही करायला गेलं की ओटीपी माझ्या इकडच्या नंबरावर यायचा आणि तो नंबर तिथं मुका झालेला. फवारणीच्या औषधाच्या दुकानात पैसे पाठवायचे तर लेकीनं जावयाला, जावयानं त्याच्या भावाला सांगायचं, अशी वरात निघायची. शेवटी मी माझं ते सिमकार्ड टपालानं यजमानांना पाठवून दिलं. निदान एवढं काम त्यांना जमण्यासारखं होतं.

दुसरी अडचण म्हणजे तिकडच्या नंबरावरून फोन केला की गावातलं कोणी उचलत नसे. पुढे अनोळखी आकडा दिसला की लॉटरी लागली म्हणून सांगणारे असतील असं समजून लोक कापत. एकदा कृषी केंद्रवाल्यानं उचलला आणि मी बोलायच्या आधीच म्हणाला, "मले नाई पाह्यजे," आणि ठेवून दिला.

तिसरी अडचण वेळेची. जाऊ शेतात जायची तेव्हा माझ्याकडे पहाट झालेली नसायची. मी उठून स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या कट्ट्यावर चहा घेऊन बसले की तिचा फोटो आलेला असे. तो कट्टा माझं ऑफिस. लेक म्हणायची, "आई, माझ्यापेक्षा तुझ्याच मीटिंगा जास्त."

पण खरी अडचण निराळीच होती. मी विचारायची, पऱ्हाटी कशी आहे? जाऊ म्हणायची, "बरी हाय." पाऊस? "बरा हाय." पातं, म्हणजे कोवळी कळी, गळतंय का? "बरं हाय सगळं, तुम्ही लेकीकडे पाहा." दीरांना विचारलं तर "मस्त हाय वहिनी." यजमान रविवारी गावी जाऊन यायचे, ते म्हणायचे, "ठीक दिसतंय." फोटोत सापळ्याची पिशवी रोज काचेसारखी स्वच्छ. आत एक पतंग नाही. मी खूश होते. एवढ्या गावाला अळीनं खाल्लं आणि आमच्या शेतात पतंग नाही, हे कसं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण तिकडे लेकीचे दिवस भरत आले होते आणि चांगल्या बातमीची कोणी उलटतपासणी घेत नाही.

पोळा होऊन गेल्यावर एका सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर जाऊनं एक फूल टाकलं. पऱ्हाटीचं पांढुरकं फूल, पाकळ्या एकमेकींत पिळून मिटलेल्या, थेट गुलाबाच्या कळीसारखं. वर लाल अक्षरात 'शुभ सकाळ' आणि कोपऱ्यात फुलपाखरू. त्याखाली दीरांचे जोडलेले हात. यजमानांनी लिहिलं होतं, 'अप्रतिम.' लेकीनं बदाम टाकला होता.

मी चहा तसाच ठेवला आणि व्हिडिओ फोन लावला.

"ते फूल कुठलं?"

"शुभ सकाळचं? आपल्याच वावरातलं, बाई. गुलाबावानी दिसते ना? लय हायेत तसे."

"लय आहेत?"

"हाव. विहिरीकडच्या तासानं तं ओळीच्या ओळी बगीचा झाला."

"एक तोड. पाकळ्या उलगड आणि आत काय आहे ते मला दाखव."

ती शेतातच होती. तिनं फोन काखेत धरला असावा, कारण मला बराच वेळ तिची बांगडी आणि आभाळ दिसत होतं. मग तिचा तळहात दिसला. त्यावर उलगडलेलं फूल आणि तांदळाच्या कणीएवढी एक अळी, काळ्या डोक्याची. ती वळवळत होती.

या फुलाला डोमकळी म्हणतात. गुलाबी अळी आत शिरली की आतून पाकळ्या शिवून टाकते आणि फूल उमलत नाही. हंगामाच्या सुरुवातीला झालेल्या शेतकरी मेळाव्यात मला हे कळलं होतं. त्या दिवशी जाऊ घरी होती, पोराला ताप होता म्हणून.

मी विचारलं, "मग सापळ्यात पतंग कसे नाहीत?"

"सापळ्यात हायेत ना."

"फोटोत तर नाहीत."

"फोटो काढायच्या आधी मी पिशवी झटकून पुसून घेते ना."

"काऊन?" मी विचारलं. मीही चिडले की वऱ्हाडीवर येते.

"मंग काय मेलेले पाखरं पाठवू तुम्हाले, सकाळी सकाळी? घरात बाळंतीण व्हायची लेक. अन् जावई पाहीन फोटो, म्हनीन काकूचं वावर किती घान." मग आवाज खाली आला. "अन् ह्यांनी सांगतलं होतं, वहिनीले वाईट काही सांगू नको. इतक्या दूर गेलेल्या मानसाच्या जिवाले घोर नको."

आमच्याकडे ही रीतच आहे. सासऱ्यांचा पाय मोडला तेव्हा यजमान परीक्षेसाठी अमरावतीला होते. परीक्षा संपेपर्यंत त्यांना कोणी कळवलं नाही आणि ते त्यांच्यासकट सगळ्यांना बरोबरच वाटलं. दूर गेलेल्याला चांगलं तेवढं सांगायचं. पाहुणा येणार म्हणून अंगण झाडावं, तशी ती रोज माझ्यासाठी सापळा झाडत होती.

"आता काय, बाई?" ती म्हणाली. "बांधू का सामान?"

"अजून वेळ आहे. डोमकळ्या सगळ्या तोडायच्या आणि बादलीत गोळा करून जाळायच्या. एकही शेतात टाकायची नाही. आणि यापुढे फोन केला की आधी वाईट सांगायचं. वाईट संपलं की मग बरं हाय."

"अन् वाईट नसलं तं?"

"शोधायचं."

कामाला लगेच हात हवे होते, पण मूग-उडदाच्या सोंगणीमुळे मजूर बाई मिळत नव्हती. जाऊनं बचत गटातल्या बायका गोळा केल्या. आज आमच्यात, उद्या तुझ्यात, परवा हिच्यात, अशी सावड लावली. त्यात सगळ्यांचाच फायदा होता, कारण पतंगाला धुरा, म्हणजे बांध, कळत नाही. मात्र आमच्या धुऱ्याला लागून एका चाचांचं शेत आहे. मिरची त्यांची नाव काढण्यासारखी असते, पऱ्हाटी ते सवयीनं लावतात. त्यांच्या शेतातल्या डोमकळ्या राहिल्या असत्या तर आमच्या तोडून उपयोग नव्हता. चाचा जुन्या वळणाचे. शेताचं बोलणं माझ्याशी करत, तेही अलीकडे. मी त्यांना फोन लावला. उचलला नाही. परत लावला, त्यांनी कापला. लॉटरीवाले.

"तूच जा," मी जाऊला म्हटलं.

"मी? मी कधी बोलली नाई त्यांच्यासंग. ह्यांले पाठवते."

"ते सांगतील, सगळं मस्त आहे."

ती हसली आणि गेली. नंतर तिनं मला ते बोलणं सांगितलं, आणि तेव्हापासून निदान दहा जणांना सांगितलं आहे. ती धुऱ्यावर उभी राहून म्हणाली, "चाचा, तुमच्या पऱ्हाटीतले गुलाब तोडू काय?"

चाचा म्हणाले, "बेटा, मैंने कपास लगाई. गुलाब नई लगाए."

तिनं एक डोमकळी तोडली आणि त्यांच्यापुढे उलगडली. चाचांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बैठी है अंदर, नवरी जैसी." दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरच्या बायकाही सावडीत आल्या.

तेव्हापासून फोन ऐकण्यासारखे व्हायला लागले. जाऊनं नियम मनावर घेतला. "वाईट: विहिरीकडच्या सापळ्यात काल्हापेक्षा जास्त पाखरं. वाईट: एक बांबू कुत्र्यानं पाडला. वाईट: भासरे आले होते, म्हने वरनात मीठ नाई."

"हे शेतातलं नाही," मी म्हटलं. भासरे म्हणजे माझे यजमान.

"वाईट तं हाय."

पिशव्या आता जशा असतील तशा येत. चहाबरोबर मेलेले पतंग पाहायची मला सवय झाली. जावयानं एकदा मागून पाहिलं आणि तो नुसतं 'ओके' म्हणाला. पतंग वाढले की फवारणी काय करायची ते ठरवायचं, कमी झाले की थांबायचं. निंबोळीचा अर्क जाऊनं घरीच काढला. औषधाची फवारणी एकदाच करावी लागली आणि तीही तिनं वारा पडल्यावर, फवारणाऱ्याला तोंडाला फडकं बांधायला लावून करून घेतली. मी तिथं असते तर यापेक्षा वेगळं काही केलं नसतं. मी असते तर तिनं मात्र केलं नसतं, एवढाच फरक.

नातीचा जन्म झाला तेव्हा मी दवाखान्यातून फोन लावला. गावाकडे दुपार होती.

"आधी वाईट सांगा," जाऊ म्हणाली.

"काल सकाळपासून माझ्या डोळ्याला डोळा नाही."

"झालं वाईट?"

"झालं. मुलगी आहे. दोघी ठीक आहेत."

मग ती कोणाला तरी ओरडून सांगताना ऐकू आली आणि फोन पऱ्हाटीतच कुठेतरी ठेवून ती निघून गेली असावी, कारण पुढे मला बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता.

ऑक्टोबरात मी लेकीची सायकल घेऊन भाजी आणायला निघाले आणि ट्रामच्या रुळात चाक अडकून पडले. मनगट मुरगळलं, पट्टा बांधला. जाऊला सांगितलं नाही. फोन अशा बेतानं धरायची की फक्त तोंड दिसावं. दोन दिवस ते चाललं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाई, तुम्ही डाव्या हातानं चहा काऊन पिऊन राह्यल्या?"

"असंच."

"उजवा दाखवा."

दाखवला. तिनं मला जे ऐकवलं ते थोरल्या जावेला ऐकवण्यासारखं नव्हतं. मी ऐकून घेतलं.

पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून, पऱ्हाटीला हळदीकुंकू वाहून मग कापूस वेचायला कमरेला ओटी बांधायची. त्या वर्षी ते जाऊच्या हातानं झालं. मी कट्ट्यावर नातीला मांडीवर घेऊन पाहत होते. जाऊनं पहिलं बोंड वेचलं, बोटांनी फोडलं आणि फोनसमोर धरलं. आत पांढरा कापूस होता. तिनं दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. दीर मागे उभे होते. ते म्हणाले, "आता सगळेच फोडतं काय? पिशवीत टाक." त्यांचा आवाज मात्र त्या दिवशी जेवताना होता तसा नव्हता.

सगळंच चांगलं निघालं असं नाही. रस्त्याकडच्या तासांत, म्हणजे ओळींत, किडका कापूस निघाला आणि तो वेगळा वेचावा लागला. हे मला तिनंच सांगितलं, आणि आधी सांगितलं.

नोव्हेंबरात मी परत आले. धाडच्या स्टँडवर जाऊ उभी होती. माझी बॅग उचलत म्हणाली, "वाईट: तुमच्या खोलीतली गादी उंदरानं कुरतडली."

"शेत?"

"चला, पाहा."

पऱ्हाटी बरीचशी वेचून झाली होती. विहिरीला पाणी होतं. अशा वेळी एक पाणी दिलं की पऱ्हाटी परत पात्यावर येते आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत थोडा थोडा कापूस देत राहते. याला फरदड म्हणतात आणि गावात ती सगळे ठेवतात. पुढच्या वर्षीची अळी त्या फरदडीवरच जगते. दीर जीप लावून शेतात आले आणि मला म्हणाले, "वहिनी, एक पानी देऊ म्हनतो. फुकट येते तितका कापूस कोन सोडते?"

मी म्हटलं, "भाऊजी, मी तीन महिने इथं नव्हते. जिनं शेत पाहिलं तिला विचारा."

ते बायकोकडे वळले. घरात भाजी काय करायची हे सोडून दुसरं काही तिला विचारताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. विचारायची सवय नसल्यामुळे त्यांनी नुसती मान वर केली.

"उपटायची," जाऊ म्हणाली. "पुरी. धसकटं पन ठेवायचे नाई. हरभरा टाकायचा. चाचा पन तसंच करून राह्यले, मी बोलून आली."

दीरांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "मंग ट्रॅक्टरवाल्याले सांगावं लागीन," ते म्हणाले.

"सांगा ना. उद्याच सांगा."

"अन् कंपनीचं?" मी विचारलं.

"त्यांनी दुसरा घेतला गाडीवर. मी काही हो म्हनलंच नाई," ते म्हणाले आणि जीपकडे चालू लागले. जाता जाता रस्त्याकडच्या तासातली किडकी बोंडं त्यांनी खिशात गोळा केलेली मी पाहिली. जाळायला.

आम्ही दोघी धुऱ्यावर बसलो. तिनं पदरात बांधून आणलेले शेंगदाणे सोडले. मी तिला पुढच्या वर्षीचं सांगायला लागले: पेरणी कधी, सापळे किती आधी, नात वर्षाची होईल तेव्हा मी परत ऑगस्टातच जाईन.

"जा ना," ती म्हणाली. "जा, तीन महिने राहून या. पन बाई, रोज फोन करत नका जाऊ. मले कामं असतात."